हीलियम गळतीशोधक : निर्वात पंपांच्या योजनेचा इतिहास

हीलियम गळतीशोधक : निर्वात पात्र, नळी, जोड वा मोहोरबंद वस्तू यांच्यातील अतिसूक्ष्म छिद्रे हीलियम वायूच्या साहाय्याने शोधून काढणारे उपकरण. त्याचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग म्हणजे फक्त हीलियमाच्या आयनांना (विद्युत् भारित अणूंना) प्रतिसाद देणारा छोटा द्रव्यमान वर्णपटमापक आणि दुसरा म्हणजे त्याला काम करता यावे इतका निर्वात निर्माण करून तो टिकविणारी पंप, झडपा व सापळे यांची योजना. वर्णपटमापकाचे मूलभूत तत्त्व १९४० नंतर फारसे बदललेले नाही. या उपकरणाच्या इतिहासातील महत्त्वाचे बदल मुख्यतः पंपांच्या मांडणीत झालेले आहेत. याचे कारण असे की, पंपांवाचून वर्णपटमापक चालत नाही. परंतु जो वायू शोधावयाचा तोच पंप उपसून बाहेर टाकीत असतात. या विरोधातून मार्ग काढण्याचे निरनिराळे प्रयत्न म्हणजेच या उपकरणाचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : उच्च निर्वात मिळविण्याची आधुनिक साधने विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत तयार झाली. व्होल्फगांग गेडे (१८७८–१९४५) या जर्मन भौतिकीविज्ञांनी १९०५ मध्ये पाऱ्याचा घूर्णी पंप आणि त्यानंतर तेलाने मोहोरबंद केलेला घूर्णी पंप तयार केला. वेगाने फिरणाऱ्या पृष्ठभागाचा धक्का देऊन वायूचे रेणू एका दिशेने ढकलणारा रेणवीय पंप त्यांनी १९१२ च्या सुमारास पुढे मांडला, तर पाऱ्याच्या बाष्पाच्या झोतात वायूचे रेणू ओढून घेणाऱ्या विसरण पंपाची माहिती १९१५ मध्ये प्रसिद्ध केली. अर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१६ मध्ये या पंपात सुधारणा केली. पंपाच्या भिंती थंड ठेवून बाष्प त्यांवर संघनित केले (द्रवरूपात आणले), तर पंपाचा वेग पुष्कळच वाढतो, असे त्यांनी दाखविले. १९२८ मध्ये इंग्लंडमध्ये सी. आर. बर्च यांनी पाऱ्याऐवजी अत्यल्प बाष्पदाब असलेली तेले वापरली. त्यामुळे मोठ्या आकारमानाचे धातूचे विसरण पंप कारखान्यांत वापरणे सुलभ झाले.

निर्वात निर्माण करणे जमले, तरी तो का टिकत नाही हे शोधणे कठीण होते. काचेच्या उपकरणावरून उच्च विद्युत् दाबाची ठिणगी फिरविल्यास ती छिद्राकडे ओढली जाते, यावरून गळतीची जागा कळत असे. धातूच्या पात्रात दाब भरून बाहेरून साबणाचे पाणी लावीत. निर्वात पात्राच्या जोडावर अल्कोहॉल वा ॲसिटोन लावून दाबमापकाच्या वाचनातील फरक पाहण्याचीही पद्धत होती. यांपैकी कोणत्याही पद्धतीने अतिसूक्ष्म गळती खात्रीपूर्वक सापडत नसे. शिवाय दाबमापकावरील वाढ बाहेरून आलेल्या हवेमुळे झाली की पात्राच्या आतील भिंतींतून सुटलेल्या पाण्याच्या वाफेमुळे झाली, हे ठरविता येत नसे.

युद्धकालीन निकड : हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धात एकाएकी निकडीचा झाला. निसर्गात आढळणाऱ्या युरेनियमात २३५ द्रव्यमानांकाचा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा भिन्न द्रव्यमानाचा प्रकार) केवळ ०·७ टक्के असतो. तो वेगळा काढण्यासाठी अमेरिकेत टेनेसी राज्यातील ओक रिज येथे १९४३ मध्ये ‘के–२५’ या कारखान्याची उभारणी सुरू झाली. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराच्या या इमारतीची प्रत्येक बाजू सुमारे ८०० मी. लांब होती. युरेनियम हेक्साफ्ल्युओराइड हा वायू अतिसूक्ष्म रंध्रे असलेल्या पडद्यांतून जवळजवळ ३,००० टप्प्यांत पुनःपुन्हा विसरित करावयाचा, अशी ही योजना होती. यंत्रणेतील दाब वातावरणापेक्षा कमी असल्याने गळती असेल तेथून बाहेरची दमट हवा आत शिरणार आणि पाण्याच्या वाफेशी विक्रिया होऊन घनरूप युरेनिल फ्ल्युओराइड व क्षरणकारक हायड्रोजन फ्ल्युओराइड तयार होणार, हे उघड होते. घन पदार्थामुळे पडद्यांची रंध्रे बुजली, तर सर्व कारखानाच निरुपयोगी ठरला असता. नळ्या, झडपा व पंप यांचे असंख्य जोड एकेक करून तपासणे अपरिहार्य होते आणि त्यासाठी जुन्या पद्धती पुरेशा नव्हत्या.

मिनेसोटा विद्यापीठातील ॲल्फ्रेड नीर (१९११–९४) या भौतिकीविज्ञांनी १९४० मध्ये चुंबकीय क्षेत्रात आयनांचा झोत ६० अंशांच्या कोनात वळविणारा सुटसुटीत द्रव्यमान वर्णपटमापक तयार केला होता. त्याच्या आधारे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गळती शोधणारे उपकरण बनविले. वेस्टिंगहाउस कंपनीच्या प्रयोगशाळेतही एच. ए. थॉमस, टी. डब्ल्यू. विल्यम्स व जे. ए. हिपल यांनी अशाच उपकरणावर काम केले. युद्धकाळातील गुप्ततेमुळे या कामाचे वृत्तांत १९४६ व १९४७ मध्येच प्रसिद्ध होऊ शकले. ओक रिजचा कारखाना १९४५ च्या प्रारंभी चालू झाला. ती मूळ इमारत १९६४ मध्ये बंद करण्यात आली व २०१३ च्या अखेरीस ती पाडण्याचे काम पूर्ण झाले. परंतु तिच्या गरजेतून निर्माण झालेले उपकरण मात्र सर्व जगभर पसरले. युद्धकालीन प्रकल्पात काम केलेल्या दोघा तज्ञांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली व्हीको ही कंपनी हे उपकरण विकणाऱ्या पहिल्या संस्थांपैकी एक होती.

हीलियमाची निवड : १८६८ सालच्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी भारतात आलेल्या ज्योतिर्विदांना सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली होती. नॉर्मन लॉक्यर यांनी त्याच वर्षी इंग्लंडमधून तिचे निरीक्षण केले आणि ही रेषा एका नव्या मूलद्रव्याची आहे, असे अनुमान पुढे काढण्यात आले. विल्यम रॅम्झी यांनी १८९५ मध्ये ते मूलद्रव्य पृथ्वीवर एका युरेनियम खनिजातून मिळविले. १९०५ मध्ये अमेरिकेतील नैसर्गिक वायूत हीलियम असल्याचे आढळल्यावर तो मोठ्या प्रमाणावर मिळू लागला.

गळती शोधण्यासाठी हा वायू अनेक दृष्टींनी सोयीचा आहे. तो अक्रिय, अज्वलनशील व बिनविषारी आहे. हवेत त्याचे प्रमाण घनफळाने दहा लाखांत सुमारे ५·२ भाग इतके अल्प असल्याने पार्श्वभूमीचा संकेत कमी राहतो. त्याचे द्रव्यमान ४ असून वर्णपटात त्याच्या लगत दुसऱ्या नेहमीच्या वायूची रेषा येत नाही. त्यामुळे साधा व स्वस्त वर्णपटमापकही पुरतो. हायड्रोजन हीलियमापेक्षा हलका असला, तरी तो ज्वालाग्राही आहे; शिवाय पाण्याची वाफ व तेल यांपासून उपकरणातच तो तयार होत असल्याने पार्श्वभूमी वाढते.

पंपांच्या योजनेमागील तत्त्व : वर्णपटमापकातील दाब सामान्यतः ०·०१ पास्कालपेक्षा कमी असावा लागतो (वातावरणाचा दाब १,०१,३२५ पास्काल असतो). दाब जास्त असल्यास आयन वाटेतच इतर रेणूंवर आदळतात व तापलेली तंतुतार जळून जाते. गळतीचे मान ‘मिलिबार-लिटर प्रति सेकंद’ या एककात देतात. एक लिटर घनफळाच्या बंद पात्रातील दाब एका सेकंदात एक मिलिबारने वाढत असेल, तर गळती एक एकक आहे असे म्हणतात. या एककाच्या एक अब्जांश इतक्या गळतीतून वातावरणाच्या दाबाचा एक घ. सेंमी. वायू जाण्यास सुमारे बत्तीस वर्षे लागतात. परंतु अशी गळतीही या उपकरणाने ओळखता येते.

गळतीतून शिरणाऱ्या हीलियमाचा आंशिक दाब म्हणजे गळतीचे मान भागिले हीलियम उपसण्याचा वेग. एक दशलक्षांश एकक गळती असता पंप दर सेकंदास १० लिटर उपसत असेल, तर हीलियमाचा दाब एक कोट्यंश मिलिबार होतो. वेग १ लिटरवर आणला, तर तो दहापट वाढतो. म्हणजे पंप जितका मंद तितका संकेत मोठा. उलट संकेत उमटण्यास लागणारा काळ पात्राचे घनफळ भागिले उपसण्याचा वेग यावर अवलंबून असतो. या गुणोत्तराइतक्या काळात संकेत आपल्या अंतिम मूल्याच्या सुमारे ६३ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. १०० लिटरच्या पात्राला पहिल्या बाबतीत १० सेकंद, तर दुसऱ्या बाबतीत १०० सेकंद लागतात. तेवढा वेळ न थांबता हीलियमाचा फवारा पुढच्या जोडावर नेल्यास खऱ्या गळतीची जागा चुकते. संवेदनशीलता व शीघ्रता यांची ही ओढाताण प्रत्येक योजनेत आढळते.

सरळ-प्रवाह योजना : पहिल्या पिढीतील उपकरणांत तपासावयाचे पात्र प्रथम घूर्णी पंपाने काही पास्काल दाबापर्यंत उपसून घेत. मग त्या पंपाकडील झडप बंद करून वर्णपटमापकाकडील झडप हळूहळू उघडीत. पात्रातील वायू द्रवरूप नायट्रोजनाने थंड केलेल्या शीत सापळ्यातून विसरण पंपाकडे जाई. वर्णपटमापकाची नळी या मार्गावरच जोडलेली असे. विसरण पंप आपला वायू थेट वातावरणात टाकू शकत नाही. म्हणून त्याच्या पाठीशी दुसरा घूर्णी पंप साहाय्यक म्हणून ठेवीत.

या योजनेचा मर्मभाग म्हणजे शीत सापळा. द्रवरूप नायट्रोजनाचे तापमान −१९६° से. असते. पात्रातून येणारी पाण्याची वाफ व तेलाचे बाष्प सापळ्याच्या भिंतीवर गोठतात. परंतु हीलियमाचा उकळबिंदू −२६९° से. असल्याने तो अडथळ्याविना पुढे जातो. म्हणजे सापळा हा केवळ बाष्पे उपसणारा आणि हीलियमाला हात न लावणारा पंपच होय. नको असलेले वायू अशा रीतीने वेगळे उपसले गेल्यामुळे विसरण पंपाचा मार्ग झडपेने आकुंचित करून त्याचा वेग कमी करता येई आणि हीलियमाचा संकेत वाढविता येई.

सु. २५ वर्षे ही योजना सर्वत्र प्रचारात होती. परंतु तिच्यात अडचणीही होत्या. द्रवरूप नायट्रोजन वारंवार भरावा लागे व जेथे त्याचा पुरवठा नसे तेथे उपकरण जवळजवळ निरुपयोगी ठरे. सापळा तापला की साचलेली बाष्पे एकदम सुटत. विसरण पंपातील तेल तापून कामास येईपर्यंत बराच वेळ जाई. चाचणी चालू असता मोठी गळती झाली किंवा झडप चुकीच्या क्रमाने उघडली, तर हवा आत शिरून गरम तेलाचे ऑक्सिडीभवन होई व तंतुतार जळे. त्यामुळे झडपांचा क्रम अचूक पाळणारा प्रशिक्षित कामगार हा या उपकरणाचाच एक भाग असे.

विरुद्ध-प्रवाह योजना : या अडचणींतून वाट निघाली ती एका वेगळ्याच पंपामुळे. व्हिली बेकर यांनी १९५८ मध्ये जर्मनीत टर्बोरेणवीय पंप पुढे आणला. यात टरबाइनासारख्या अनेक पात्यांची चाके अतिशय वेगाने फिरतात व वायूच्या रेणूंना बाहेरच्या दिशेने धक्के देतात. गेडे यांच्या रेणवीय पंपातील कल्पनाच येथे नव्या रूपाने वापरलेली होती. या पंपाचे संपीडन गुणोत्तर (बाहेरील व आतील दाबांचे गुणोत्तर) वायूच्या द्रव्यमानावर फार अवलंबून असते. सामान्य तापमानास नायट्रोजनाच्या रेणूचा सरासरी वेग सेकंदास सुमारे ४७० मी. असतो, तर हीलियमाच्या अणूचा सुमारे १,२५० मी. असतो. पात्यांचा वेग सेकंदास काहीशे मीटर असल्याने जड व मंद रेणू त्यांच्या कचाट्यात सापडतात. हलके व चपळ अणू मात्र त्यांच्यामधून उलट दिशेने निसटतात. एखाद्या पंपाचे हीलियमासाठी संपीडन गुणोत्तर एक हजार असेल, तर नायट्रोजनासाठी ते दहा कोटींच्या घरात असू शकते.

निर्वात निर्माण करणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष होता. बेकर यांनी १९६८ मध्ये दाखविले की, गळती शोधणाऱ्याच्या दृष्टीने हाच दोष उपयोगी पडतो. तपासावयाचे पात्र पंपाच्या आतील तोंडाशी न जोडता त्याच्या बाहेरील तोंडाशी, म्हणजे पंप व साहाय्यक घूर्णी पंप यांच्यामधील नळीला, जोडले व वर्णपटमापक मात्र आतील तोंडाशी ठेवला, तर हवा व पाण्याची वाफ वर्णपटमापकापर्यंत पोहोचू शकत नाहीत. हीलियम मात्र पंपाच्या दिशेविरुद्ध वर चढतो व मोजला जातो. पंप येथे उपसण्याचे काम करीत असतानाच गाळणीचेही काम करतो.

या मांडणीने जुन्या बहुतेक अडचणी दूर झाल्या. शीत सापळ्याची गरज उरली नाही. वर्णपटमापकाला जेवढा दाब चालतो त्याच्या कितीतरी पट अधिक दाबास, म्हणजे काही पास्काल वा त्याहून जास्त दाबास, पात्र जोडता येऊ लागले. त्यामुळे चाचणी लवकर सुरू करणे शक्य झाले. मोठ्या गळतीचा आघातही थेट तंतुतारेवर होत नाही. १९७० नंतरच्या दशकात काही निर्मात्यांनी हेच तत्त्व खास रचनेच्या विसरण पंपातही वापरले. सरळ-प्रवाह योजनेत हीलियम वाटेत घटत नसल्याने आरंभी तिची संवेदनशीलता अधिक होती. तथापि पुढे सुधारलेल्या टर्बोरेणवीय पंपांमुळे हा फरक जवळजवळ नाहीसा झाला.

नंतरच्या सुधारणा : आधुनिक उपकरणांत एकाच टर्बोरेणवीय पंपाला निरनिराळ्या टप्प्यांवर दोन किंवा तीन तोंडे असतात. मोठी गळती असताना पात्र बाहेरील तोंडाशी जोडलेले असते. दाब उतरत गेला की झडपा आपोआप बदलून ते मधल्या तोंडाशी जोडले जाते. तेथून हीलियमाला कमी टप्पे चढावे लागत असल्याने संकेत वाढतो. पूर्वी कामगाराने लक्षात ठेवावयाचा झडपांचा क्रम आता इलेक्ट्रॉनीय नियंत्रक सांभाळतो. अशा उपकरणांनी एक अब्जांशाच्याही शतांशाहून लहान गळती ओळखता येते.

साहाय्यक पंपातही बदल झाला. घूर्णी पंपाच्या तेलात हीलियम विरघळतो व नंतर हळूहळू बाहेर पडून खोटा संकेत देतो. तेलाचे बाष्प पात्रात उलट शिरण्याचाही धोका असतो. म्हणून अर्धसंवाहक उद्योगासारख्या ठिकाणी तेलविरहित पटल पंप किंवा सर्पिल पंप वापरतात. पंपाचा बाहेर टाकलेला वायू त्याच खोलीत सोडल्यास त्यातील हीलियम पुन्हा पात्रापाशी येतो. त्यामुळे तो नळीने इमारतीबाहेर नेण्याची दक्षता घेतात.

मोठ्या पात्रांसाठी अंश-प्रवाह योजना वापरतात. तीत पात्राला स्वतंत्र मोठा पंप जोडून शोधक त्याला समांतर ठेवतात. शोधकाचा वेग सेकंदास ५ लिटर व मोठ्या पंपाचा ४५ लिटर असल्यास हीलियमाचा दहावा हिस्साच शोधकात जातो. परंतु ५०० लिटरच्या पात्राचा प्रतिसादकाल १०० सेकंदांवरून १० सेकंदांवर येतो. शोधकाचे वाचन अशा वेळी दहापटीने वाढवून घ्यावे लागते. ही दुरुस्ती विसरली, तर गळती प्रत्यक्षापेक्षा लहान समजली जाते.

भारतातील उपयोग : भारतात हे तंत्र मुख्यतः अणुऊर्जा कार्यक्रमाबरोबर वाढले. तुर्भे येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या व १९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत द्रव्यमान वर्णपटमापक व हीलियम गळतीशोधक देशातच विकसित करण्यात आले. हैदराबाद येथील अणुइंधन संकुलात तयार होणाऱ्या इंधन-नळ्यांत हीलियम भरून त्या मोहोरबंद करतात व वितळजोडांची तपासणी या पद्धतीने होते. १९७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय निर्वात संस्थेनेही या विषयाच्या प्रसारास हातभार लावला. फ्रान्समध्ये उभारण्यात येत असलेल्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय संघटन विक्रियकाचे (हलक्या अणुकेंद्रांच्या संयोगातून ऊर्जा मिळविण्याच्या यंत्राचे) सुमारे ३,८५० टन वजनाचे व २९ मी. व्यासाचे निर्वात कवच गुजरातमधील हझिरा येथे भागाभागांनी तयार करण्यात आले. त्याचे घनफळ सुमारे १६,००० घ. मी. आहे. एवढ्या पात्राला केवळ सेकंदास ५ लिटर वेगाचा शोधक जोडला, तर प्रतिसादासाठी सुमारे सदतीस दिवस लागतील. पंपांची योजना ही दुय्यम बाब का नाही, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

शीतक यंत्रे, मोटारगाड्यांचे भाग, हृदयगतिप्रेरक, अवकाशयानांच्या इंधन-टाक्या इ. अनेक वस्तूंच्या तपासणीसाठी हे उपकरण आता नित्य वापरले जाते. हीलियमाची वाढती किंमत व मर्यादित पुरवठा लक्षात घेऊन जेथे फार सूक्ष्म गळती शोधावयाची नसते तेथे ५ टक्के हायड्रोजन व ९५ टक्के नायट्रोजन यांचे अज्वलनशील मिश्रणही वापरतात.

मर्यादा व दक्षता : हीलियम रबरी कड्यांतून हळूहळू झिरपतो, त्यामुळे काही मिनिटांनंतर उमटणारा संकेत गळतीचा असेलच असे नाही. तो हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो; म्हणून फवारणी पात्राच्या वरच्या भागापासून सुरू करून खाली येतात. प्रत्येक तपासणीपूर्वी व नंतर ज्ञात मानाची प्रमाण गळती जोडून उपकरणाची पारख करतात. ही प्रमाण गळती शोधकाच्या तोंडाशी न लावता पात्राच्या पंपापासून सर्वांत दूरच्या टोकाशी लावणे इष्ट असते. कारण तसे केल्याने केवळ वर्णपटमापकाचीच नव्हे, तर पात्र, नळ्या व पंप यांच्या संपूर्ण योजनेची परीक्षा होते.

गळती नसताना ती असल्याचे वाटले, तर फार तर वेळ वाया जातो. परंतु गळती असताना ती नाही असा निर्वाळा मिळाला, तर त्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात. असा चुकीचा निर्वाळा बहुधा वर्णपटमापकाच्या दोषामुळे मिळत नाही. हीलियम त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच एखाद्या पंपाने तो दुसरीकडे ओढून नेलेला असतो किंवा तो पोहोचेपर्यंत थांबण्याइतका वेळ दिलेला नसतो. म्हणूनच उपकरणाच्या संवेदनशीलतेचा आकडा पंपांच्या योजनेसह वाचला तरच त्याला अर्थ प्राप्त होतो.